डबा दुरुस्तीला आहे

लग्न झालं तेव्हा कप्तान लांब पल्ल्याचा ट्रक चालवत होता आणि निवृत्त झाला त्या दिवशीही तोच चालवत घरी आला. मधल्या काळात मुलगा झाला, मुलगी झाली, दोघं मोठी होऊन आपापल्या वाटेनं गेली. यातलं बरंचसं त्याला फोनवरून कळलं. कप्तान हे त्याचं नाव नव्हे. तरुणपणी निळी टोपी घालून तो केबिनमध्ये चढायचा म्हणून मालधक्क्यावरच्या हमालांनी ते ठेवलं होतं. टोपी कधीच वाऱ्यानं उडाली, नाव मात्र चिकटून राहिलं.

त्याचा रस्ता ठरलेला होता. शहर सोडायचं, दिवसभर सपाटीवरून जायचं, घाट चढायचा, आणि घाटमाथ्यावरून पलीकडे उतरलं की अर्ध्या वाटेवर एक तळं लागायचं. तिथं तो ट्रक उभा करायचा, इंजिन गार होऊ द्यायचा आणि घरी फोन करायचा. आधी तिथल्या पेट्रोलपंपावरून, पुढं खिशातल्या मोबाइलवरून. 'तळ्यावर पोचलो,' एवढंच म्हणायचा. बायको विचारायची, 'आज कसंय पाणी?' मग तो सांगायचा. आज हिरवट आहे. आज वारा सुटलाय, काठावर फेस येतोय. आज इतकं निवांत आहे की डोंगर कुणी उलटा करून ठेवलाय असं वाटतंय.

घरात त्याची म्हणच झाली होती. मुलांचा अभ्यास निम्मा झाला की ती विचारायची, 'तळ्यावर पोचलात का?' भांडी निम्मी घासून झाली की स्वतःलाच सांगायची, 'आले तळ्यावर.'

तिला ते तळं बघायचं होतं. मागणं काही आभाळातला चंद्र आणून द्यायचं नव्हतं. पण ट्रकमध्ये दुसरं माणूस बसवायचं नाही हा कंपनीचा नियम, आणि सुट्टीत कप्तानला रस्ता नजरेसमोर नको असायचा. 'हलवायाला मिठाईचं काय कौतुक सांगतेस,' म्हणायचा. 'पुढच्या वर्षी बघू.' असे 'पुढच्या वर्षी' साठत गेले. ती पडदे शिवायची. स्वतःची जुनी व्हॅन चालवत लोकांच्या घरी जायची, मापं घ्यायची, शिवून झालं की शिडीवर चढून पडदे लावून द्यायची. शहरातल्या शेकडो खिडक्या तिनं आतून बघितल्या होत्या. एखादी उघडी असली की ती क्षणभर तिथंच रेंगाळायची. समोर भिंत असायची, नाहीतर दुसऱ्या कुणाची खिडकी.

कप्तान घरी बसला आणि वर्षभरातच डोळ्यांचं सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं आणि सांगितलं की डोळ्यातला पडदा झिजतोय. कडेकडेचं दिसत राहील, पण ज्याच्याकडे रोखून बघाल तेच नेमकं पुसट होत जाईल. किती लवकर, ते सांगता येत नाही.

बाहेरच्या बाकावर येऊन बसल्यावर कप्तान म्हणाला, "सगळ्या गावाचे पडदे शिवलेस. नेमका हा एक राहिला बघ."

ती हसली, आणि मग तिला पर्समध्ये रुमाल सापडेना.

कॅरव्हॅन घ्यायची हे तिनं तिथंच ठरवलं. गाडीमागं जोडून न्यायचं चाकांवरचं घर. तळ्यावर राहायला दुसरी काही सोय नव्हती, आणि तिला नुसतं जाऊन यायचं नव्हतं. आठवडाभर राहायचं होतं. सकाळचं पाणी, दुपारचं पाणी, वारा सुटल्यावरचं, वारा पडल्यावरचं, सगळं त्याच्या शेजारी बसून, त्याला दिसतंय तोवर बघायचं होतं. शिवाय कप्तानला हॉटेलच्या खोलीत झोप लागत नसे. पाठीखाली चाकं असली की लागायची.

शोरूममधला विक्रेता जिभेवर साखर ठेवूनच बोलायचा. "कोरी करकरीत आहे, मावशी. जोडायची आणि निघायचं. काही बघावंच लागणार नाही."

कप्तान आत गेला. भिंतीवर टकटक केली, दार दोनदा उघडमिट केलं, खाली वाकून चाकांजवळ हात फिरवला.

"कसं वाटतंय?" तिनं विचारलं.

"डबा आहे," कप्तान म्हणाला.

तेच कॅरव्हॅनचं नाव पडलं. डबा घरासमोर येऊन उभा राहिला. तिनं सगळ्या खिडक्यांना फिकट निळे पडदे शिवले. कप्तानला आता गाडी चालवता येत नव्हती, पण गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात त्यानं तिला डबा जोडून व्हॅन मागं घ्यायला शिकवलं. "उलटं फिरव. मागचं पोर हट्टी आहे असं समज, तू डावीकडे ओढलंस की ते उजवीकडे जाणार." ती शिकली. दोनदा कुंपणाला धडकली, पण शिकली.

तळ्याआधी एक छोटी फेरी मारून बघू म्हणून दोघं जवळच्याच नदीकाठी एका रात्रीसाठी गेले. वाटेत पहिल्याच खड्ड्याला वरच्या कपाटांची दारं उघडली आणि कप खाली आले. दुसऱ्या खड्ड्याला बाहेरचं दार उघडलं. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यानं हात हलवून दाखवलं नसतं तर घर तसंच उघडं पळत राहिलं असतं. नदीवर पोचल्यावर पाण्याचा पंप सुरू झाला तो थांबेचना. नळ बंद, तरी आपला गुरगुरतोय. आणि संध्याकाळी पाऊस आला तेव्हा छताच्या झरोक्याच्या कडेनं थेंब जमला, लोंबकळला आणि बरोबर कप्तानच्या उशीवर पडला.

"नव्याचे नऊ दिवस म्हणतात," कप्तान म्हणाला. "यानं एक पण नाही दिला." तो चिडला नाही. उलट जरा खुशीतच दिसला. उशी सरकवून त्यानं तिथं पातेलं ठेवलं.

कॅरव्हॅन कंपनीच्या वर्कशॉपमध्ये एक फोरमन होता. जाड, सावकाश बोलणारा, कानामागं पेन्सिल अडकवलेली. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "ठेवून जा. वॉरंटीत आहे. पुढच्या आठवड्यात फोन करतो."

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन आला नाही, तिचाच गेला. पंपाचा पार्ट मागवला होता. पार्ट आला तो दुसऱ्याच मापाचा. मग बरोबर आला, तर बसवणारा माणूस रजेवर. शेवटी डबा मिळाला. छताच्या सांध्यात सिलिकॉन भरलं होतं, दाराची कडी बदलली होती. दोघं पुन्हा नदीवर गेले. या वेळी पंप गप्प होता, पण फ्रिज गॅसवर चालेना आणि दूध नासलं; आणि पावसाचा थेंब आता झरोक्याची जागा सोडून एक हात पुढं सरकून पडायला लागला. सकाळी पलंगाशेजारची जमीन पायाखाली दबल्यासारखी वाटली.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," कप्तान म्हणाला.

"लग्न होतंच ना पण शेवटी," ती म्हणाली आणि व्हॅन सरळ वर्कशॉपकडे वळवली.

उन्हाळा तिथंच गेला. कोणी विचारलं, झाली का ट्रिप, की कप्तान सांगायचा, डबा दुरुस्तीला आहे. हेच उत्तर शेजारणीला, हेच मुलाला, हेच पेपरवाल्याला. मुलगी रोज फोन करायची. ती म्हणाली, "आई, परत करून टाक तो. विमानानं जा कुठंतरी."

"तळ्यावर विमान उतरत नाही गं."

"मग गाडी भाड्यानं घ्या, बघा आणि या."

"तुझ्या बाबांनी इतकी वर्षं बघितलं आणि आले. मला राहायचंय."

मुलीनं विषय सोडून दिला. आई हट्टाला पेटली की पालथ्या घड्यावर पाणी, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

पडद्यांची मापं घ्यायला त्या बाजूला जाणं झालं की ती वर्कशॉपच्या आवारात शिरायची. तिथं नव्या कोऱ्या कॅरव्हॅन ओळीनं उभ्या असायच्या, आजारी माणसांसारख्या. फोरमन तिला बघून आधी तोंड चुकवायचा, मग ओशाळून किल्ली द्यायचा. ती आत जाऊन टेबलाशी बसायची. आत नव्या लाकडाचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास कोंडलेला असायचा. पडदा ओढून घेतला की आत निळसर उजेड पडायचा. तेवढ्या वेळात ती पलीकडे पाणी आहे असं धरून चालायची. आज हिरवट असेल का? वारा तर आहे. मग पडदा सरकवायची. समोर दुसरी कॅरव्हॅन, तिच्या काचेवर चिकटवलेला कागद, आणि चाकापाशी झोपलेलं कुत्रं.

ती पडदा नीट बांधायची, किल्ली परत द्यायची, "बघा बाबा लवकर" म्हणायची आणि निघायची.

घरी वेगळंच काहीतरी सरकत होतं. कप्तान चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवायला लागला होता. दारात कोणी आलं की ते आधी बोलेपर्यंत तो थांबायचा, मग नाव घेऊन "या या" म्हणायचा. पेपर रोज उघडायचा. पान मात्र फार वेळानं उलटायचं. तिला दिसत होतं आणि ती विचारत नव्हती. तो सांगत नव्हता. एकाच घरात दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट झाकून ठेवत होते. त्यात दिवस जात होते आणि तिकडं डबा आवारात उभा होता. कधीकधी मशीनवर बसल्या बसल्या तिला इतका राग यायचा की सुई मोडायची. राग तरी कुणावर काढणार? सिलिकॉनवर?

झाडांची पानं पिवळी पडली तेव्हा फोरमनचा फोन आला. झालं आहे, या. घाटात बर्फ पडून रस्ता बंद व्हायला फार दिवस उरले नव्हते. ती कप्तानला घेऊन गेली.

फोरमननं फ्रिज दाखवला. आत हात घातला तर गार लागला. दाराची कडी दाखवली, पंप दाखवला. पलंगाजवळची फळी नवी घातली होती. "आणि छत?" तिनं विचारलं. फोरमननं एका माणसाला वर चढवून पाइपनं पाणी सोडायला लावलं. तिघं आत उभे राहिले. वर पाण्याचा आवाज येत होता. पलंगाच्या बरोबर वर जुना डाग होता, ताटाएवढा, कडेला तपकिरी. कप्तान मान वर करून त्याच्याकडेच बघत होता. डागाच्या मधोमध हळूहळू एक थेंब जमला.

"गेला की डाग," कप्तान म्हणाला. "स्वच्छ झालंय अगदी. आता बरं काम केलंत."

फोरमननं तोंड उघडलं. तिनं त्याच्याकडे बघितलं, आणि त्यानं मिटलं. थेंब तिच्या आणि कप्तानच्या मधे, नव्या फळीवर पडला. तिनं त्यावर पाय ठेवला.

"हो," ती म्हणाली. "गेला."

कप्तान हात लावत लावत पायरीवरून खाली उतरला आणि व्हॅनकडे गेला. फोरमन हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, मी खोटं बोलणार नाही. छत पूर्ण उघडावं लागेल. ते इथं होत नाही, कारखान्यात पाठवावं लागतं. पुढच्या हंगामापर्यंत मी स्वतः..."

"गाडीला जोडा."

"गळेल हो."

"गळू दे. तुमच्याकडे सगळ्यात रुंद चिकटपट्टी कुठली आहे?"

फोरमननं कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. मग स्वतः शिडी लावून वर चढला आणि झरोक्याभोवती पट्ट्या मारल्या. खाली येऊन आतून एक जुनी ताडपत्री आणि दोर घेऊन आला. एक बादलीही दिली.

"हे कशाला?" ताडपत्रीचा आवाज ऐकून कप्तान म्हणाला.

"धुळीसाठी," ती म्हणाली.

"नव्या डब्याला धुळीसाठी ताडपत्री." कप्तान ताडपत्रीजवळ आला. मग हात पुढं करून दोर घेतला, डब्याभोवती फिरला आणि आयुष्यभर मालावर मारल्या होत्या तशा गाठी मारल्या. बोटंच सगळं करत होती. त्यानं पुन्हा काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले.

तो दिवस ती पुढं पुष्कळदा आठवणार होती. स्टिअरिंग तिच्या हातात, डबा मागं, आणि शेजारी हा. इतकी वर्षं जो रस्ता फक्त कानांनी ऐकला तो आता चाकांखालून जात होता. कप्तान आधीच सांगायचा, "आता सिमेंटचा कारखाना येईल," की कारखाना यायचा. "आता पूल. पुलानंतर गाडी थोडी डावीकडे घे, तिथं रस्ता खचलेला असतो." तो खचलेला असायचा. दुपारी दोघांनी रस्त्याच्या कडेला ब्रेड आणि उकडलेली अंडी खाल्ली. कपाटांना तिनं पडद्याची दोरी बांधली होती, त्यामुळे कप शाबूत होते. एक सर आली. ताडपत्री फडफडली, पण बादलीत फार पाणी पडलं नाही.

घाट चढताना मात्र कप्तान तिला सुखानं जगू देईना. "खालचा गिअर टाक. आवाज ऐक ना इंजिनचा, दमलंय ते."

"मी पण दमले. माझा आवाज ऐका."

तो हसला. पण जसजसा माथा जवळ आला तसतसा गप्प होत गेला. तिला वाटलं, डोळ्यांमुळे. इथून पुढचं त्याला डोळे भरून बघायचं असणार आणि दिसायचं नाही म्हणून. माथ्यावर गार वारा होता. पलीकडचा उतार सुरू झाला. एक वळण, दुसरं वळण, मग त्यानं शंभरदा सांगितलेला लाल खडक. तिनं वेग कमी केला आणि उजवीकडे बघितलं.

पांढरं मैदान होतं. या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत पांढरी, भेगाळलेली, कोरडी जमीन. एका कडेला लाकडी धक्का उभा होता, त्याचे खांब उघडे, आणि त्याला बांधलेल्या होडीच्या पोटात गवत उगवलेलं. पेट्रोलपंपाचं शटर गंजून लाल झालं होतं.

तिनं गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. कप्तान दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून समोर तोंड करून बसला होता. तिच्या मनात आलं, हा विचारणार. आता हा विचारणार, आज कसंय पाणी.

"हिरवट आहे आज," तिनंच आधी सांगून टाकलं. "जरा वारा आहे. पण छान आहे."

कप्ताननं मान हलवली.

"नाहीये गं पाणी," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग गंजलेल्या शटरकडे, होडीतल्या गवताकडे. गवत काही काल-परवाचं नव्हतं.

"कधीपासून?"

"वरच्या अंगाला धरण झालं. मग दरवर्षी थोडं थोडं मागं गेलं. माझ्या शेवटच्या काही वर्षांत नव्हतंच."

"आणि फोनवर?"

"तू विचारायचीस."

"मग खरं सांगायचं."

"सांगणार होतो. दर खेपेला ठरवायचो. पण 'पोचलो' म्हटलं की तिकडं तुझं मशीन थांबल्याचं ऐकू यायचं. चालू असायचं, आणि एकदम थांबायचं. हातातलं सोडून ऐकायला बसायचीस. मग काय सांगू, माती आहे म्हणून? पुढं सवय झाली. मला पण."

"आणि हे सगळे महिने? त्या डब्यापायी मी त्या माणसाचे उंबरे झिजवत होते तेव्हा?"

"पहिल्या रात्री गळलं ना, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, आपोआप राहून जाईल. बिघडत होता तोवर मी निवांत होतो. पण तू गळका डबाच जोडून निघालीस. तेव्हा कळलं, आता हिला कोणी अडवत नाही."

ती दार उघडून खाली उतरली आणि काठावरून खाली, त्या पांढऱ्या जमिनीवर चालत सुटली. पायाखाली पापुद्रे मोडत होते. ती धक्क्याच्याही पुढं गेली, होडीच्या पुढं गेली, जिथं खोल पाणी असायला हवं होतं तिथवर गेली आणि उभी राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. नुसतं रिकामं वाटलं. नवऱ्यावरचा राग तर होताच. पण त्याहून, इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव तुटला ते इथं नव्हतं आणि तरीही जीव तुटायचा थांबला नव्हता, याचं काय करायचं ते तिला कळेना.

मागून व्हॅनचा हॉर्न वाजला. लांबलचक. मग पुन्हा. तिनं वळून बघितलं. कप्तान चालकाच्या बाजूच्या दारातून आत हात घालून उभा होता आणि तोंड तिच्याकडे नाही, पार भलत्याच दिशेला होतं. एवढ्या पांढऱ्या पसाऱ्यात ती कुठं आहे हे त्याला कळत नव्हतं.

"आले," ती ओरडली. ऐकू जाणार नाही म्हणून चालायला लागली.

संध्याकाळी तिनं सूप केलं. दोघं डब्याच्या पायरीवर अंगावर एकच घोंगडी घेऊन बसले. तो चमचा वाटीच्या कडेला लावून खात होता. मग तिनं एकदम विचारलं, "मुलगी झाली त्या दिवशी म्हणाला होतात, डोंगर उलटा दिसतोय. ते?"

"ते खरं. अगदी खरं. पाणी हललंही नव्हतं."

"आणि माझी आई गेली तेव्हा, धुकं पाण्यावरून चालत येतंय म्हणालात ते?"

"ते पण खरं."

"पांढरे पक्षी उतरलेत, हजारभर, एकदम उडाले की टाळ्या वाजल्यासारखं होतं, ते?"

कप्तान घुटमळला. "ते... नंतरचं."

"आणि चांदणं पडलं की पाणी दुधासारखं दिसतं?"

"ते पण नंतरचं."

तिनं वाटी खाली ठेवली. "पक्ष्यांचं मला सगळ्यात जास्त आवडलं होतं," ती म्हणाली.

"मला पण," कप्तान म्हणाला. "त्या दिवशी सकाळपासून जुळवत होतो."

तिला हसू आलं, आणि आता मात्र डोळ्यांतून पाणीही आलं. त्यानं हात पुढं केला. तो तिच्या खांद्याऐवजी घोंगडीवर पडला, मग सापडला. समोरच्या पांढऱ्या जमिनीवरचा उजेड जाता जात नव्हता.

सकाळी कप्तान म्हणाला, "चल, परत जाऊ. बर्फाच्या आधी घाट उतरू."

"पुढं काय आहे?"

"पुढं फाटा. उजवीकडं बंदर, माझा रस्ता."

"आणि डावीकडं?"

"ठाऊक नाही. माल कधी तिकडं नसायचा."

ती डाव्या फाट्याला लागली. रस्ता अरुंद होता आणि दोन्हीकडून उंच गवत डब्याला घासत होतं. दरवाजाच्या कडीनं पुन्हा मान टाकली. तिनं उतरून ती पडद्याच्या दोरीनं बांधली. कप्तान अस्वस्थ होता. पुढच्या वळणाची त्याला काही खबर नव्हती.

"काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

"झाडं."

"कसली?"

"उंच."

"असं सांगतात होय? मी इतकी वर्षं 'पाणी आहे, ओलं आहे' एवढंच सांगितलं असतं तर?"

"बरं झालं असतं. खोटं तरी बोलावं लागलं नसतं." पण तिनं गाडी हळू केली आणि नीट बघितलं. सांगायचं म्हणजे आधी बघायला लागत होतं, आणि ते वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं. "बुंधे पांढरट आहेत. साल सोलून लोंबतेय, जुन्या अस्तरासारखी. खाली कुणीतरी मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्यात, पिवळ्या. एकीचं झाकण उडू नये म्हणून वर दगड ठेवलाय."

"केवढा?"

"तुमच्या डोक्याएवढा."

कप्तान मान थोडी वाकडी करून, डोळ्याच्या कडेनं त्या बाजूला बघत राहिला. त्याला काय दिसलं ते त्यानं सांगितलं नाही.

पहिला बर्फ पडेपर्यंत दोघं त्या बाजूच्या रस्त्यांवर फिरत राहिले. मग डबा कारखान्यात गेला, त्याचं छत उघडलं गेलं. फोरमननं हिवाळाभर दर आठवड्याला न चुकता फोन केला, सांगायला काही नसलं तरी. तोवर कप्तानला समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसेनासा झाला होता. तिला तळ्याची ओढ लागायची ती लागायचीच. तळं नाही म्हणून जात नाहीत तसल्या गोष्टी. पण ते सगळं पुढचं. त्या सकाळी झाडं संपली, रस्ता एका उघड्या माळावर आला, आणि वाटेत एक म्हातारी नासपतीची टोपली घेऊन बसली होती. तिनं ताडपत्री बांधलेल्या नव्या कोऱ्या डब्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, कुठं निघालात?

"हिला विचारा," कप्तान म्हणाला, आणि हातानं चाचपत एकेक नासपती निवडायला लागला.